सांध्यावरचं मन : प्रस्तावना

1897 साली दोन गोष्टी घडल्या. मुंबई-सोलापूर मार्गावरच्या बार्शी रोड स्थानकातून बार्शी गावापर्यंत अडीच फुटी रुळांवरून एक लहान गाडी सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातल्या विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी तारायंत्रावर काम करणाऱ्या माणसांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. बार्शी रोडचं पुढे कुर्डुवाडी झालं. तारवाल्यांच्या अभ्यासातून काय झालं, ते सांगायला मात्र थोडा वेळ लागेल.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. तरी बोधनिक मानसशास्त्राची ओळख मी तिथूनच करून देतो. माणूस लक्ष कसं देतो, समोरचं ओळखतो कसं, काय लक्षात ठेवतो आणि काय विसरतो, भाषा कशी वापरतो, निर्णय कसा घेतो, याचा प्रयोगांनी केलेला अभ्यास म्हणजे हे शास्त्र. पाठ्यपुस्तकं त्याची वंशावळ ॲरिस्टॉटलपासून लावतात. मग देकार्त, लॉक, कांट येतात आणि पहिलं प्रकरण संपेपर्यंत विद्यार्थी पेंगायला लागतो. ती वंशावळ खोटी नाही. पण मनाचा विचार करणं वेगळं आणि मनाचं माप घेणं वेगळं. माप घेण्याची गरज माणसाची घड्याळाशी, तारेशी आणि पुढे रडारशी गाठ पडली तेव्हा निर्माण झाली. यंत्र आपल्या वेगाने चालतं, माणूस आपल्या. दोघांना एकत्र कामाला लावलं की माणूस नेमका कुठे कमी पडतो ते उघडं पडतं. या शास्त्राचा पाया त्या कमी पडण्यात आहे, असं माझं मत आहे आणि हे पुस्तक त्याच मताने लिहिलेलं आहे. कुर्डुवाडीसारख्या रेल्वेच्या गावाला हे पटवून द्यायला फार शब्द लागू नयेत.

आता तारवाल्यांकडे येऊ. हार्टर स्वतः आधी तारेवर काम केलेला माणूस होता, म्हणून त्याला कुठे बघायचं ते ठाऊक होतं. नवशिक्याची तार पाठवण्याची गती आठवड्यागणिक वाढत जाते. घेण्याची गती मात्र काही काळ वाढते, मग कितीही सराव केला तरी एका पातळीवर थांबून राहते आणि नंतर अचानक पुन्हा चढते. ब्रायन आणि हार्टर यांनी त्याचा अर्थ असा लावला: सुरुवातीला माणूस टकटक ऐकून एकेक अक्षर जुळवतो, मग अख्खे शब्द ऐकू लागतो, आणि मुरलेल्या तारमास्तराला वाक्यांचे तुकडेच्या तुकडे ऐकू येतात. तो कागदावर लिहीत असतो चार-सहा शब्द मागचं, आणि कानाने घेत असतो पुढचं. गती थांबलेली दिसते त्या दिवसांत खालची सवय पक्की होत असते. त्या थांबण्याबद्दल पुढे शंका घेतल्या गेल्या. 1958 साली फ्रेड केलर यांनी तर अशी सपाटी असतेच असं नाही, असं दाखवलं. पण लहान तुकड्यांचे मोठे तुकडे बांधत जाणं म्हणजे शिकणं, ही कल्पना टिकली. साठ वर्षांनी जॉर्ज मिलर यांनी तीच पुन्हा हाती घेतली.

त्याच्याही आधीची एक कथा ग्रिनिचच्या वेधशाळेतली आहे. 1796 साली राजखगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्कलिन यांनी डेव्हिड किनेब्रूक या मदतनिसाला कामावरून काढलं. कारण एवढंच की तारा दुर्बिणीतली तार ओलांडतो ती वेळ तो मॅस्कलिन यांच्यापेक्षा सेकंदाच्या आठ दशांशाने उशिरा नोंदवायचा. पंचवीसेक वर्षांनी फ्रीडरिश बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने ही हकिकत वाचली, इतर निरीक्षकांशी स्वतःच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि त्याच्या ध्यानात आलं की असा फरक प्रत्येक दोघांत असतो. गरीब किनेब्रूक आळशी नव्हता. डोळ्याने पाहणं आणि कानाने घड्याळाचा ठोका ऐकणं यांची सांगड घालायला प्रत्येक मेंदूला वेळ लागतो, आणि तो सगळ्यांना सारखा लागत नाही. नोकरी गेलेल्या माणसावरून एखादं शास्त्र सुरू झालं असेल तर हे. पाठ्यपुस्तकात त्याला एक ओळ मिळते, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

वेळ लागतो म्हणजे किती? 1850 साली हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश जाण्याचा वेग मोजला. तोपर्यंत तो मोजण्यापलीकडचा मानला जाई. निघाला सेकंदाला साधारण 30 मीटर, म्हणजे ताशी शंभराच्या आसपास. कुर्डुवाडीला न थांबता जाणारी एखादी एक्सप्रेस त्याच वेगाने जाते. 1868 साली नेदरलँड्समधल्या फ्रान्सिस्कस डाँडर्स यांनी पुढचं पाऊल टाकलं. एकच दिवा लागला की बटण दाबायचं, याला लागणारा वेळ त्यांनी घेतला. मग दोनांपैकी कोणता दिवा लागला ते पाहून त्याचंच बटण दाबायचं, याला लागणारा वेळ घेतला. आणि दुसऱ्यातून पहिला वजा केला. उरला तो निवड करण्याचा वेळ. विचार प्रत्यक्ष दिसत नाही, पण त्याला लागलेला वेळ दिसतो. आज संगणकाच्या पडद्यावर हजारांश सेकंदात होणारे बहुतेक प्रयोग या एका वजाबाकीचे वारसदार आहेत.

त्यानंतरची कित्येक दशकं मी या पुस्तकात भराभर ओलांडली आहेत. 1879 साली वुंट यांनी लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, 1890 साली विल्यम जेम्स यांचा ग्रंथ आला, 1913 साली वॉटसन यांनी मन हा शब्दच शास्त्रातून हद्दपार करायचा पुकारा केला आणि अमेरिकेत पुढची चार दशकं उंदीर-कबुतरांच्या वर्तनावर गेली. वर्तनवादाला आता सगळेच झोडपतात. मला वाटतं, त्याने निदान सैल बोलणं बंद केलं. मनात काय चाललंय ते स्वतःच्या आत डोकावून सांगणाऱ्यांची साक्ष किती धरायची, हा प्रश्न त्याने विचारला आणि तो रास्त होता.

एबिंगहाउस यांच्यापाशी मात्र थांबलं पाहिजे. 1885 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात प्रयोग करणारे तेच आणि प्रयोगाचा विषयही तेच. अर्थाची मदत होऊ नये म्हणून त्यांनी निरर्थक अक्षरजोडण्या तयार केल्या, सुमारे 2300, आणि त्यांच्या याद्या पाठ करकरून किती विसरलं ते मोजलं. तासाभरात निम्म्याहून जास्त मेहनत वाया गेलेली असते, दिवसाने साधारण एक तृतीयांश उरते. मग विसरण्याचा वेग मंदावतो आणि महिन्यानंतरही पाचवा हिस्सा शिल्लक असतो. हा आलेख अजून खरा ठरतो. त्यासाठी त्यांनी दिलेली किंमत मात्र लक्षात ठेवायची: अर्थ काढून टाकल्यावर जी उरते ती स्मृती त्यांनी मोजली. पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, आणि वाटावंच. त्याकडे पुढे येतो.

दुसऱ्या महायुद्धात केंब्रिजला या शास्त्राने खरं वळण घेतलं. रडारसमोर बसलेल्या जवानांना पडद्यावरचा शत्रूचा ठिपका दिसेनासा का होतो, हा सैन्याचा प्रश्न होता. नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक घड्याळ बनवलं, काटा सेकंदाला एक पाऊल टाकणारं. अधूनमधून काटा एकदम दोन पावलं टाकायचा; तेवढं दिसलं की बटण दाबायचं. बसायचं दोन तास. अर्ध्या तासातच नजरेतून सुटणाऱ्या पावलांचं प्रमाण वाढलं. झोप लागलेली नव्हती, आळसही नव्हता; काही घडत नसताना लक्ष लावून बसणं माणसाला जमतच नाही. रात्रपाळीवरच्या लोको पायलटच्या समोर आज जे यंत्र असतं ते याच जाणिवेतून आलेलं आहे. साधारण मिनिटभर त्याने काहीच हालचाल केली नाही तर आधी दिवा लुकलुकतो, मग आवाज होतो आणि तरीही प्रतिसाद आला नाही तर गाडीचे ब्रेक लागतात.

याच केंब्रिजमधले डोनाल्ड ब्रॉडबेंट या पुस्तकाचे खरे नायक. दोन कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवले तर काय होतं, ते त्यांनी पाहिलं. माणसं एका कानातले सगळे आधी सांगत, मग दुसऱ्यातले. 1957 साली त्यांनी याचा एक नमुना मांडला आणि तो कुर्डुवाडीत समजावून सांगावा लागत नाही. वरती दोन फाटे असलेली एक नळी. फाटे जिथे मिळतात तिथे बिजागरीवर हलणारी एक झडप. दोन्ही फाट्यांतून गोट्या सोडल्या तर खाली एकीलाच वाट मिळते. एकदम सोडल्या तर अडकतात. सांधेवाला सांधा बदलतो तेव्हा दुसऱ्या रुळावरची गाडी थांबते, तसंच. 1958 साली त्यांचा ग्रंथ आला आणि अवधानाच्या गाळणीची कल्पना रूढ झाली.

लगेच तिला भोकंही पडली. नेव्हिल मोरे यांनी 1959 साली दाखवलं की ज्या कानाकडे दुर्लक्ष करायला सांगितलं आहे त्यातून स्वतःचं नाव आलं तर बऱ्याच जणांना ते ऐकू येतं. फलाटावर गप्पा मारताना घोषणेतलं एक अक्षरही कळत नाही आणि आपल्या गाडीचं नाव मात्र नेमकं कानावर येतं, हा अनुभव सगळ्यांचा आहे. म्हणजे बाजूला ठेवलेल्या आवाजाचाही अर्थ कुठेतरी लागत असतो. ॲन ट्राइझमन यांनी गाळणीऐवजी आवाज मंद करणारी व्यवस्था सुचवली. हा वाद तिसऱ्या प्रकरणात तपशिलाने आहे. तो अजून मिटलेला नाही, आणि माझ्या मते तो मिटवायची घाई नको.

अमेरिकेत याच सुमारास वर्तनवादाचा किल्ला ढासळत होता. 11 सप्टेंबर 1956 रोजी एमआयटीतल्या एका परिसंवादात नेवेल आणि सायमन यांनी तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणारा संगणकी प्रोग्रॅम मांडला, चॉम्स्की यांनी भाषेच्या व्याकरणाबद्दलचं आपलं म्हणणं मांडलं आणि मिलर यांनी माणसाच्या तात्कालिक स्मृतीबद्दलचं. मिलर स्वतः ही तारीख या शास्त्राची जन्मतारीख मानत. त्याच वर्षी छापलेल्या त्यांच्या लेखाने सात हा आकडा प्रसिद्ध केला: एका वेळी मनात सात, एखाददुसरी कमी-जास्त, इतक्याच गोष्टी धरता येतात. पुढे नेल्सन कोवन यांनी तो चारच्या आसपास आणला. पण मिलर यांचा खरा मुद्दा आकड्याचा नव्हता. गोष्ट म्हणजे किती मोठी, हे माणूस ठरवतो. तारमास्तराला एक वाक्य म्हणजे एक गोष्ट, नवशिक्याला एकेक कट्ट म्हणजे एक.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर पिनकोड आहे. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही सहा आकडी पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. कुर्डुवाडीचा पिन 413208. पहिला चार हा विभाग, पहिले तीन आकडे मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा, शेवटचे तीन कार्यालयाचे. ज्याने सोलापूर जिल्ह्यात पत्रं टाकली आहेत त्याला 413 हे तीन आकडे वाटतच नाहीत, ती एकच गोष्ट असते; लक्षात ठेवायचे उरतात तीन. वेलणकरांनी मिलर वाचला होता असं मला म्हणायचं नाही. चांगली पद्धत आखणारा माणूस मनाची मर्यादा प्रयोगशाळेत न जाताही ओळखतो, एवढंच.

उलट उदाहरणही जवळचंच आहे. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीने ‘वीस एक’ असं वाचन दिलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विधानसभेत विनोद झाले, मराठी अस्मितेची हाक दिली गेली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे एकच सांगत राहिल्या की मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम अवघड जातो. प्रश्न अस्मितेचा नव्हता, कार्यकारी स्मृतीचा होता. सत्तावीस ऐकलं की सात आधी कानावर पडतो आणि तो धरून ठेवून दोन आधी लिहावा लागतो. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात, आणि जर्मनभाषक मुलांच्या आकडे लिहिण्याच्या चुकांत अशा उलटापालटीचा वाटा मोठा असल्याचं संशोधकांनी मोजलेलं आहे. जुने शब्द सोडावेत की नाही, याचं उत्तर मानसशास्त्र देणार नाही. सहा वर्षांच्या मुलाला त्यांची काय किंमत पडते, ते मात्र सांगू शकतं. मोजमाप करायची ही एक चांगली संधी होती आणि आपण ती टाळ्या-शिट्ट्यांत घालवली.

1967 साली उल्रिक नाइसर यांनी या सगळ्या धाग्यांची मोट बांधून पुस्तक लिहिलं आणि विषयाला नाव मिळालं. मला नाइसर आवडतात ते त्यांनी नऊ वर्षांनी काय केलं त्यासाठी. 1976 साली त्यांनी आपल्याच शास्त्रावर टीका केली: प्रयोगशाळेतल्या पडद्यावरच्या लुकलुकत्या अक्षरांपलीकडे जगणारा माणूस आपण पाहतच नाही. हे म्हणणं नवं नव्हतं. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 सालीच एबिंगहाउस यांच्या निरर्थक अक्षरांना सरळ नकार दिला होता. त्यांच्या पुस्तकात स्वाझी गुराख्यांची हकिकत आहे. वर्षापूर्वी झालेल्या जनावरांच्या खरेदीतल्या गाई, त्यांचे रंग आणि किमती त्यांना जवळपास बिनचूक आठवत. इतर बाबतींत त्यांची स्मृती चारचौघांसारखीच होती. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात उभं राहिलेल्या कुणालाही याचं आश्चर्य वाटणार नाही. ज्यात जीव गुंतलेला आहे ते आठवतं, कारण ते ठेवायला मनात आधीपासून जागा तयार असते.

कुर्डुवाडीहून पंढरपूर पन्नासेक किलोमीटर. 1906 साली छोटी गाडी तिथपर्यंत गेली आणि कित्येक पिढ्या वारकरी गाडी बदलायला याच फलाटांवर उतरले. त्यांतल्या अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि शेकडो अभंग पाठ होते. ही स्मृती एबिंगहाउस यांच्या आलेखात बसत नाही, पण ती चमत्कारही नाही. मोठ्या अभंगाच्या चरणाचे भाग सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे, दुसऱ्या-तिसऱ्याला यमक. पुढचा शब्द आठवला नाही तरी त्याची लांबी ठाऊक असते, शेवट ठाऊक असतो, अर्थाची दिशा ठाऊक असते. डेव्हिड रुबिन यांनी 1995 साली मौखिक परंपरांवरच्या ग्रंथात हेच मांडलं: अर्थ, प्रतिमा, लय आणि यमक यांतलं एकेक बंधन ढिलं असतं, पण एकत्र आल्यावर शब्दाला दुसरीकडे जायला वाटच उरत नाही. वर टाळ आहे, चाल आहे, शेजारचा गाणारा आहे. एकटा चुकला तर दिंडी त्याला सावरून घेते. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखाच्या घरातल्या ओव्या गोळा केल्या, तो साठा म्हणजे या प्रकारच्या स्मृतीची महाराष्ट्रातली सर्वांत मोठी नोंद. साहित्यिकांनी आणि समाजशास्त्रज्ञांनी ती वाचली. मानसशास्त्रज्ञांनीही तिच्याकडे वळावं, ही माझी जुनी तक्रारवजा विनंती.

भारतात हा विषय रेल्वेच्याच आडवाटेने आला, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. ह्यूगो म्यून्स्टरबर्ग यांनी हार्वर्डमध्ये ट्राम चालवणाऱ्यांच्या अवधानाच्या चाचण्या बनवल्या. त्यांच्याकडे शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनी कलकत्त्याला देशातला पहिला मानसशास्त्र विभाग उभा केला. पुणे विद्यापीठात प्रा. कोठुरकर यांनी पन्नासच्या दशकात प्रायोगिक मानसशास्त्राची घडी बसवली. 1962 साली स्थापन झालेल्या ज्ञानप्रबोधिनीने गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या सिद्धांतावर मराठी मुलांसाठी चाचण्या रचल्या. बुद्धिमापन या पुस्तकाच्या कक्षेबाहेर ठेवलं आहे. त्याची भांडणं वेगळी आणि लांब आहेत.

कुर्डुवाडीतल्या अभ्यासिकांत रेल्वे भरतीची तयारी करणाऱ्या मुला-मुलींना हे पुस्तक कशासाठी, असा प्रश्न पडेल. सहाय्यक लोको पायलट आणि स्टेशन मास्तर यांच्या निवडीत शेवटी ‘सायको’, म्हणजे मानसशास्त्रीय चाचणी, असते. लोको पायलटसाठीच्या चाचण्यांत स्मृती, सूचना पाळणं, खोलीचा अंदाज, एकाग्रता आणि आकलनाचा वेग यांची परीक्षा होते. प्रत्येक चाचणीत किमान 42 टी-स्कोअर लागतो; एकीत कमी पडलात तर बाकीच्या कितीही चांगल्या गेल्या तरी उपयोग नाही आणि कोणत्याही प्रवर्गाला सूट नाही. मुलं तिला नशिबाचा खेळ समजतात. त्या पाच शब्दांमागे किनेब्रूक, डाँडर्स, मॅकवर्थ आणि मिलर उभे आहेत, हे कळलं तर निदान काय मोजलं जातंय ते कळेल.

पण रेल्वेकडून शिकण्यासारखं त्याहून मोठं काही आहे, आणि ते निवडीत नाही, रोजच्या कामात आहे. फाटक बंद केल्याचं गेटमन फोनवर सांगतो तेव्हा त्याच्या नुसत्या ‘हो’ला किंमत नसते. तो आपल्या तक्त्यातला पुढचा दोन आकडी प्रायव्हेट नंबर देतो, मास्तर तो लिहून घेतो, वापरलेला नंबर खोडला जातो. सवयीने तोंडातून ‘हो’ जातं. सत्तेचाळीस सवयीने जात नाही, त्यासाठी तक्ता बघावाच लागतो. लोको पायलट आणि त्याचा सहाय्यक समोरचा सिग्नल हात करून, मोठ्याने एकमेकांना सांगतात, कारण डोळ्यांना दिसलेलं मनात उतरलंच असेल याची खात्री नसते. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी 1999 साली हेच एका चित्रफितीने दाखवून नाव मिळवलं: चेंडूच्या फेकी मोजण्यात गुंतलेल्या जवळपास निम्म्या लोकांना समोरून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस दिसला नाही. रेल्वेच्या नियमावल्या त्याआधी कितीतरी दशकं, एकेका अपघाताची किंमत मोजून, याच निष्कर्षाला आल्या होत्या. एडविन हचिन्स यांनी 1995 साली जहाजावरच्या कामाचा अभ्यास करून म्हटलं की अशा ठिकाणी बुद्धी एका डोक्यात नसते. ती माणसं, कागद आणि यंत्रं यांच्यात वाटलेली असते. हे प्रकरण मी सर्वांत आवडीने लिहिलं आणि पुस्तकात ते सर्वांत लांब झालं आहे.

परिभाषेबद्दल दोन शब्द. विद्यापीठाच्या पुस्तकांत रुळलेले शब्द मी ठेवले आहेत. जिथे ते जड झाले तिथे कामावरचा शब्द घेतला. मेंदूच्या प्रतिमा, चुंबकीय स्कॅन यांवर एकच लहान प्रकरण आहे, कारण रंगीत चित्रांनी वाचक लवकर दिपतो आणि प्रश्न विचारायचं विसरतो. घाई असेल त्याने पहिली दोन प्रकरणं नंतर वाचावीत, तिसऱ्यापासून सुरुवात केली तरी चालेल. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दिलेले प्रयोग कागद, पेन्सिल आणि मोबाइलमधलं घड्याळ एवढ्यावर होतात. ते वाचून सोडू नयेत, शेजाऱ्याला बसवून करावेत. आणि निकाल पुस्तकातल्यापेक्षा वेगळा आला तर आधी आपली मोजणी तपासावी, मग पुस्तकावर संशय घ्यावा.